हळदीखालचे निळे दाणे

डोस्कं हातात आलं की मला त्याच्या मालकाचा सगळा जलम कळतो. चाळीस वर्षं वस्तरा चालवतोय, थट्टा न्हाई. कोण लहानपणी झाडावरून पडलाय, कुणाला बापानं जात्यावर आपटलंय, कुणाला बायकोनं उलथनं हाणलंय आणि तो गावभर सांगत फिरतोय की चौकट लागली. बोटाला खोटं सांगता येत न्हाई. मार ताजा असला की मऊ लागतो, पिकल्या सीताफळागत, आणि माणूस 'स्स' करून डोकं मागं घेतो. जुना असला की खाली खड्डा लागतो न्हाईतर गाठ.

एवढी अक्कल बोटात असून त्या दिवशी मी बोटाला गप बसवलं आणि एका दिव्याचं ऐकलं. त्या दिवसाची ही गोष्ट हाय. मारामारीची हाय. रगत सोसत नसंल त्यानं हितंच थांबलं तरी माझा राग न्हाई.

आधी दिवा काय ते सांगतो. सरकारनं हिशेब लावला की गावात तान्ह्या लेकराच्या कातडीला न चुकता हात कोण लावतंय. डॉक्टर? कधीमधी. नर्स? डोस असंल तर. पण जावळ कुणाला चुकत न्हाई. म्हणून तालुक्याला आम्हा न्हाव्यांना बोलावून तीन दिवस शिकवलं. चहा-खारी चांगली व्हती. शिकवायला डॉक्टर नाझनीन शेख व्हत्या, बारीक अंगाच्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला गडी उठून बसावा.

केस कापायच्या मशिनीएवढाच तो दिवा. तोंडाला काच, आत सात रंगांचे बल्ब. बाईंनी बॅटरी आपल्याच तळहाताखाली धरली, हात तांबडा दिसाया लागला.

"बघा भानुदासतात्या, तांबडा उजेड कातडीच्या आत खोल जातो. निळा वरच्यावर अडतो. दिवा सगळे रंग आत टाकतो आणि कोणता किती परत आला ते मोजतो. त्यावरून खाली काय दडलंय ते सांगतो."

"आन दडलेलं काय असतंय बाई?"

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. राखणदार म्हणा. त्यांतल्या काही बिघडतात आणि काम सोडून नुसत्या वाढत सुटतात. तो रक्ताचा कॅन्सर. मोठ्या माणसाचं रक्त तपासलं की सापडतो. पण एखाद्या तान्ह्या बाळात त्या पेशी आधी कातडीत येऊन बसतात. निळसर, जांभळे, कडक दाणे उठतात. त्या वेळी रक्त तपासलं तर चांगलं येतं, कधी महिना, कधी दोन महिने. आई-बाप निर्धास्त होतात. तेवढ्या दिवसांत धरलं तर आता औषध आहे. नंतर फार अवघड."

मी इचारलं, "मुका मार बी निळाच की. फरक कसा कळायचा?"

बाई खूष झाल्या. "मार जुना होतो तसं आत सांडलेलं रक्त रंग बदलतं. आधी निळं, मग हिरवं, मग पिवळं. ते पिवळं निळा उजेड पिऊन टाकतं, परत येऊ देत नाही. निळ्या डागावर ते पिवळं दिसलं की दिवा ओळखतो की हा मार; थोडं असलं तर ताजा, जास्त असलं तर जुना. फक्त एक करा, दिवा स्वच्छ कातडीवर धरायचा."

मी मान हलवली. स्वच्छ म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आमच्यात जावळ झालं की डोक्याला हळद माखतात आणि मगच ते डोकं स्वच्छ झालं म्हणतात. हळदीबिगर लेकरू कुणी हातात बी घेत न्हाई. मी तीन वर्षं तसंच केलं. वस्तरा, हळद, मग दिवा. दोनशे साठ लेकरं झाली. दिवा दर बारीला बाईच्या आवाजात म्हणायचा, "कातडी निरोगी." लोक हसायचे, आया पाया पडायच्या, दिव्याच्या बरं का, माझ्या न्हाई.

दिव्याला आणिक एक काम लावलेलं. मार सापडला तर गावाच्या बालरक्षा कमिटीच्या सगळ्या फोनवर भोंगा. पण काही बी पक्कं करायच्या आधी दिवा मला इचारायचा. खाली दोन बटनं. हिरवं दाबलं म्हणजे दिवा म्हणतो ते खरं. लाल दाबलं म्हणजे मला शंका हाय, मग भोंगा न्हाई, सरळ डॉक्टरीणबाईंना फोन. लाल बटनावर माझं बोट कधी गेलंच नव्हतं.

तर बोरखडीत व्यंकटच्या पोरीचं जावळ. व्यंकट खडीच्या मशिनीवर कामाला. सहा फूट गडी, हात फावड्यासारखे, बोलणं दिवसाला दहा शब्द. दोन वर्षांमागं मशिनीवर कुणी आईवरनं शिवी दिली म्हणून ह्यानं त्या शिवी देणाऱ्याचे दोन दात पाडलेले. तवापास्नं गाव त्याला 'घण' म्हणायचं, पाठीमागं. पोरगी पाच महिन्यांची, ओजस्वी. ओजू म्हणायचे. त्याची बायको दीपाली. तिचा भाऊ परमेश्वर, म्हणजे पोरीचा मामा, दुपारी टेम्पो भरून माणसं घेऊन आला. बोकड शिजत व्हता, अंगणात तीन चुली पेटलेल्या.

लेकरू मामाच्या मांडीवर बसलं. परमेश्वर मला म्हणतोय, "तात्या, माझ्या भाचीचे कान जागेवर ठेवा बरं. हातात कंप सुटल्यागत दिसतोय."

"तू मांडी हलवू नको, न्हाईतर आधी तुझं जावळ काढीन."

बाया हसल्या. ओजू बी हसली, बिनदाताची. मी वस्तरा लावला.

केस पडत गेले तसं हसू कमी व्हत गेलं. डोक्यावर निळे दाणे व्हते. तुरीच्या दाण्याएवढे, एक कानाच्या मागं, दोन टाळूच्या बाजूला, तीन मागं. जांभळाचा डाग पडावा तसे. दीपाली खाली वाकून हळूच म्हणाली, "तात्या, महिना झाला त्याला. दवाखान्यात दाखवलं. रगत तपासलं, काही निघालं न्हाई."

माझं बोट एका दाण्यावरनं गेलं. कडक. आणि लेकरू हाललं बी न्हाई. बोटानं तवाच सांगितलं व्हतं की हे काहीतरी येगळं हाय. पण तेवढ्यात व्यंकटच्या आईनं हळदीची वाटी पुढं केली, "लावा लवकर, ऊन लागतंय लेकराला." हाताला सवय. मी हळद माखली. कुठं जाड बसली, कुठं पातळ. मग दिवा फिरवला.

दिवा थांबला. असा कधी थांबला नव्हता. मग मोठ्यानं बोलला, पाहुण्यांसकट सगळ्यांनी ऐकलं.

"सहा ठिकाणी मार. दोन ताजे, चार जुने. बाळाला वारंवार मार बसला आहे. खात्री करा."

दोन्ही बटनं लुकलुकाया लागली. सांगतो खरं तेच. मी बोटाकडं बघितलं न्हाई. मी व्यंकटच्या हातांकडं बघितलं, त्या फावड्यांकडं, आणि हिरवं दाबलं.

पंधरा फोन एका दमात बोंबलले.

"दाजी," परमेश्वर लेकरू दीपालीकडं देत उठला, "हे काय?"

"मी हात लावला न्हाई," व्यंकट म्हणला.

"रगत चांगलं आलं म्हणताव. आजार न्हाई. मग काय देवानं निळं केलं?"

मागनं एक म्हातारी बोलली, "पोरगी झाली ना. पोरगा असता तर लागला असता का हात?"

व्यंकट नुसता म्हणला, "लेकराला आत न्या." तेवढंच. तो भांडण व्हणार म्हणून म्हणला. लोकांनी ऐकलं की हा लपवाया बघतोय.

परमेश्वरनं चुलीतलं बाभळीचं लाकूड वढलं. टोक पेटलेलं. पहिला घाव खांद्यावर पडला, ठिणग्या उडाल्या. दुसरा तोंडावर. लाकडाचं टोक डाव्या डोळ्यात गेलं आणि व्यंकट जसा वरडला तसा माणूस वरडत न्हाई. मग कमिटीवाले भिताडावरनं उड्या टाकून आले आणि काय झालं ते न इचारता सुरू झाले. कुणी दगड, कुणी कलथा, कुणी नुसत्या लाथा. एकजण बोकड कापायच्या ओंडक्यानं पाठीत घालत व्हता आणि दर घावाला म्हणत व्हता, "लेकराला मारतो? लेकराला मारतो?" बरगड्या मोडल्याचा आवाज मी वीस हातांवरनं ऐकला. गंमत बघा, ज्याला सगळे घण म्हणायचे त्यानं हात उचलला न्हाई. त्यानं एकदा बी उलटा हात टाकला असता तर चारजण आडवे झाले असते. तो नुसता डोकं हातात घेऊन वळकटी होऊन पडला.

आणि मी काय करत व्हतो? मी रांजणापाशी हात धूत व्हतो. हात धुवून झाल्यावर निघून जाणार व्हतो, खोटं कशाला सांगू.

दीपाली लेकरू घेऊन पळत माझ्यापाशी आली. तिनं माझं मनगट धरलं, नखं रुतली. "तात्या, दिवा ऱ्हाऊ द्या. तुमचं बोट काय म्हणतंय ते सांगा. ह्या घरात मी ऱ्हाते. त्यानं तिला टिचकी मारलेली न्हाई." आणि माझा ओला हात तिनं पोरीच्या डोक्यावर दाबला.

आंगठा मागच्या एका दाण्यावर पडला. हळद माखलेला तो डाग हिरवा दिसत व्हता, आठवड्याच्या जुन्या मारागत. मी आंगठा वढला. हळद पुसली गेली आणि खालनं डाग निळाभोर निघाला. एका आंगठ्यात जुना मार ताजा झाला. मी दुसऱ्यावरनं फिरवला, तो बी तसाच. जितं हळद जाड तितं हिरवा, जितं पातळ तितं निळा. दोन ताजे, चार जुने. ते मारानं केलं नव्हतं. ते मी केलं व्हतं, ह्या पाच बोटांनी.

जोरात दाबलं. दाणा खालच्या कातडीसकट सरकला, कडक, तुरीसारखा. ओजूनं माझं दुसरं बोट पकडून तोंडात घातलं. मार लागलेलं लेकरू बोट चोखत न्हाई, गळा फाडतं.

मी रांजणातल्या तांब्यानं तिचं डोकं धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, परत धुतलं आणि दिवा धरला. "मार नाही. कातडीत रक्ताच्या आजाराचा दाट संशय. आजच दवाखान्यात न्या." डॉक्टरीणबाईंना फोन जावा म्हणून मी लाल बटन दाबून धरलं ते बोट पांढरं होईस्तोवर.

"थांबा!" मी वरडत पळालो. "चुकलं! दिवा चुकला! मी चुकलो!"

कोण ऐकतंय. गर्दीत घुसलो तर कमिटीतल्या एकानं मलाच लोखंडी पळी हाणली. कानाच्या वर फुटलं, रगत डोळ्यात आलं. परमेश्वर लाकूड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर घेऊन उभा, आता ते कवटीवर येणार. माझ्याकडं एकच हत्यार. मी वस्तरा उघडला आणि त्याच्या कोपरापास्नं मनगटापर्यंत वढला. चाळीस वर्षांत पयल्यांदा मी मुद्दाम कुणाला कापलं. हात उघडला, लाकूड त्याच्याच पायावर पडलं.

"आणिक कुणाला यायचंय?" मी म्हणलो. वस्तऱ्यावरनं थेंब पडत व्हते. लोक दोन पावलं मागं सरले. माझ्याच गिऱ्हाइकांनी माझा वस्तरा असा कधी बघितला नव्हता.

"म्हातारं फिरलंय," कुणीतरी म्हणलं.

"फिरलंय. आता ऐका त्याचं."

मी व्यंकटपाशी बसलो, त्याच्या फाटलेल्या पाठीवर दिवा धरला आणि आवाज पूर्ण वाढवला.

"ताजा मार. ताजा मार. ताजा मार."

दिवा हळूहळू सरकवत गेलो. तो थकंना. खांदा, बरगडी, कंबर, मांडी. प्रत्येक जागी तोच आवाज, शाळेत हजेरी घ्यावी तसा. अंगणात चुलीवरचं कालवण करपाया लागलं, पण उठून कुणी उतरवलं न्हाई. शेवटी दिवा म्हणला, "एकूण एक्केचाळीस ठिकाणी मार. सर्व ताजे."

मग मी दीपालीला बोलावलं, ओजूच्या धुतलेल्या डोक्यावर दिवा धरला. "मार नाही. रक्ताच्या आजाराचा दाट संशय."

परमेश्वर रक्ताचा हात काखेत दाबून म्हणला, "मगाशी येगळं बोलत व्हता. आता तुम्ही काय केलं त्याला?"

"काय केलं ते दावतो." हळदीची वाटी तितंच उलटी पडलेली. खाली उरलेली हळद मी उचलली आणि व्यंकटच्या खांद्यावर, परमेश्वरनं पयला घाव घातलेल्या जागेच्या बाजूला सुजलेल्या निळ्या वळावर माखली. व्यंकट कळवळला. अजून जिवंत व्हता म्हणून कळवळला, मला तेवढंच बरं वाटलं. वर दिवा ठेवला.

"जुना मार. अंदाजे आठ दिवस."

"आठ दिवस," मी म्हणलो. "परमा, पाव तास झालाय तू मारून. दिव्याला हळद आणि जुनं रगत एकच दिसतंय. हळद मी लावली. बटन मी दाबलं. आणि लाकूड तू वढलंस."

परमेश्वर खाली बसला तो बसलाच. ओंडक्यावाला गडी भिताडाकडं तोंड करून वकाया लागला. बाकीचे कुठं गेले कळलं न्हाई. पंधरा माणसं एका दमात आली व्हती, एका दमात नाहीशी झाली.

ॲम्ब्युलन्स एकच आली. बाप आणि लेक एकाच गाडीत. व्यंकट आडवा, नाकातोंडाला नळ्या, आणि दीपाली लेकरू घेऊन त्याच्या पायापाशी. त्याची शुद्ध येत-जात व्हती. एकदा डोळा उघडून म्हणला, "तिला झालंय काय?" दीपालीनं खरं सांगितलं. तो म्हणला, "बरं. म्हणजे कळलं तर." आणि परत त्याची शुद्ध गेली.

डॉक्टर नाझनीनबाईंनी ओजूच्या डोक्यावरचा एक दाणा काढून तपासला. तोच आजार निघाला. रगत अजून बी चांगलंच येत व्हतं. "तीन आठवडे उशीर झाला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते," त्या म्हणल्या. मग मला कोपऱ्यात घेतलं. मी म्हणलो, "शिव्या द्या बाई." त्या म्हणल्या, "स्वच्छ म्हणजे काय ते मी सांगायला हवं होतं. दिवा बनवणाऱ्यांनी शंभर देशांची कातडी तपासली म्हणे. हळद कुणालाच सुचली नाही. मलाही नाही, आणि माझ्या आईनं माझ्या प्रत्येक खरचटण्यावर हळद दाबलीय." आणि त्यांनी तितंच दिवा बनवणाऱ्यांना फोन लावला.

आता दिव्यावर चिकटपट्टी असती, मोठ्या अक्षरात: आधी दिवा, मग हळद. त्या पट्टीची किंमत व्यंकटचा डोळा हाय, हे कुणाला माहीत न्हाई.

कोर्टात मी सगळं सांगितलं, माझं हिरवं बटन बी. परमेश्वरला सहा वर्षांची शिक्षा झाली, इतर चौघांना तीन तीन वर्षं. मला न्यायाधीशांनी सोडलं. मी म्हणलो, साहेब, वस्तरा चालवल्याची तरी शिक्षा द्या. ते म्हणले, बसा खाली. दीपाली भावाला भेटाया एकदा बी गेली न्हाई. व्यंकटचा डावा डोळा गेला, पोटातली फुटलेली पानथरी काढली, उजवा पाय ओढत चालतो. खडीचं काम सुटलं, आता शेळ्या पाळतो. बोरखडीत कुणाशी बोलत न्हाई. माझ्याशी बी न्हाई, दुकानासमोरनं जाताना मान दुसरीकडं. मला ते बरोबरच वाटायचं.

परवा, तीन वर्षांनी, सकाळी तो दुकानात आला. ओजू बोटाला धरून. औषधानं तिचे केस दोनदा गेले, आता पाठीवर शेपटा हाय, तोंडाचा पट्टा एक मिनिट बंद न्हाई.

"तात्या, माझे केस कापायचे न्हाईत हां," ती दारातनंच म्हणाली. "बाबांचे कापा. बाबांचे लई वंगाळ दिसतेत."

व्यंकट खुर्चीत बसला. मी फडकं बांधलं. तो आरशात बघत व्हता. केस झाल्यावर मी दाढीचा वस्तरा घेतला तर त्यानं हात वर केला.

"दिवा हाय का?" तीन वर्षांत पयला शब्द.

"हाय."

"लाव."

"तुला कशाला?"

"लाव म्हणलो ना."

त्यानं सदरा काढला. पाठ गुळगुळीत झाली व्हती. कातडी लई गुणाची असती, सगळं गिळती. मी दिवा खांद्यावरनं कमरेपर्यंत फिरवला, तीच एक्केचाळीस ठिकाणं.

"कातडी निरोगी," दिवा म्हणला. "मार आढळला नाही."

ओजूनं टाळ्या वाजवल्या. "बाबा चांगले हायेत!"

व्यंकट हसला न्हाई. एका डोळ्यानं आरशातनं माझ्याकडं बघत ऱ्हायला. दिव्यावरची दोन्ही बटनं लुकलुकत व्हती. हिरवं, लाल. हिरवं, लाल.

मी दिवा खाली ठेवला. ओले हात पुसले आणि बोटं त्याच्या डोक्यात घातली, कानाच्या मागं, जितं दगड बसला व्हता. बोट आपोआप खड्ड्यात गेलं. सुपारीएवढा. तो 'स्स' करून मागं सरकला न्हाई.

"हितं हाय," मी म्हणलो.

"हां," व्यंकट म्हणला. "तितंच हाय."

मग मी लाल बटन दाबलं आणि त्याची दाढी कराया घेतली. गळा वर करून, डोळा मिटून तो बसून ऱ्हायला.